गुंड्याची प्रेक्षणीय स्थळं

आमच्या घोडेगावात कुत्रा पाळत नाहीत, कुत्रा असतो. तो कुणाच्या तरी ओट्यावर झोपतो, कुणाच्या तरी घरची शिळी भाकरी खातो, रात्री सगळ्या आळीसाठी भुंकतो आणि कुणाला चावला की त्या दिवसापुरता कुणाचाच नसतो. अशा गावात मी गुंड्याला गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून हिंडायला लागलो, तेव्हा तहसील कचेरीजवळच्या चहाच्या टपरीला चांगलाच विषय मिळाला.

"दवाखान्यात का, नाना?"

"नाही."

"मग लांब सोडून यायला?"

"नाही रे, फिरायला चाललोय."

कुत्रा गाडीत घालण्याची पहिली दोन कारणं आमच्याकडे मान्य आहेत. तिसरं ऐकून टपरीवाला काही बोलला नाही, फक्त माझ्या चहात साखर वाढवली. निवृत्त माणसाला अशी सहानुभूती फुकट मिळते.

गुंड्या रंगानं तांबडा. एक कान कायम उभा, दुसरा कायम पडलेला, त्यामुळे तुम्ही काहीही सांगा, अर्धंच ऐकतोय असं वाटतं. पुण्याहून येणारे पाहुणे ‘ब्रीड कोणतं?’ असं विचारतात. मी ‘आंबेगाव तालुका’ असं सांगतो आणि ते समजल्यासारखी मान डोलावतात. गाडी म्हणजे जुनी ओम्नी. तिचा बाजूचा दरवाजा सरकवला की जो आवाज होतो, तो गुंड्याला तीन आळ्या पलीकडून ऐकू येतो. आधी तो सावलीसाठी गाडीखाली झोपायचा. एकदा दरवाजा उघडा राहिला, तो आत चढला आणि उतरेना. शेवटी मीच गाडी सुरू केली. निदान आपण ड्रायव्हर आहोत असं तरी वाटावं!

जगात हे काही नवीन नाही. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचा एक डॉक्टर पन्नास डॉलरची पैज मारून मोटारीनं सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला निघाला. अमेरिका मोटारीनं आरपार ओलांडणारा तो पहिला माणूस. रस्ते नव्हतेच, होती ती धूळ. वाटेत त्यानं बड नावाचा एक कुत्रा विकत घेतला आणि धुळीनं त्याचे डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यालाही गॉगल घातला. त्रेसष्ट दिवसांनी गाडी न्यूयॉर्कला पोचली. बडचा तो गॉगल आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मोटारीसकट ठेवलेला आहे. पुढं १९६० मध्ये जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला, १९६२ मध्ये त्यावर पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्याला नोबेलही मिळालं. नोबेल त्या पुस्तकासाठी नव्हतं, पण ही गोष्ट मी गुंड्याला अजून सांगितलेली नाही.

तिकडच्या लोकांना वाटेत बघायला काहीतरी लागतं. नसेल तर ते तयार करतात. कॅन्सस राज्यात एका शेतकऱ्यानं १९५३ मध्ये उरलेली सुतळी गुंडाळायला घेतली. त्या सुतळीचा गोळा एवढा वाढला की आज लोक लांबून गाडी काढून तो बघायला जातात आणि गाव त्यावर नाव मिळवून आहे. आमचं उलटं. इथं बघण्यासारखं इतकं पडलंय की कुणी त्याकडे बघत नाही. जुन्नरला २०१८ मध्ये सरकारनं पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना आपण पर्यटनस्थळात राहतो हे पेपरातून कळलं.

तेव्हा ठरवलं, आपले दोन तालुके म्हणजे आपली अमेरिका. आंबेगाव आणि जुन्नर. सवड मिळेल तसं, डबा, पाण्याची कॅन आणि गुंड्या घेऊन निघायचं. मी माझी यादी केली. गुंड्याची वेगळी होती, हे पुढं कळत गेलं.

सुरुवात पश्चिमेकडून, डिंभ्याला. आमच्या तालुक्याची गंमत अशी की नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावात आणि खुद्द आंबेगाव धरणाच्या पाण्यात. रोज दाखल्यांवर, उताऱ्यांवर ज्या गावाचं नाव लिहिलं जातं, त्या गावात जायला होडी लागते. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले आणि हटले नाहीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या भागातली जुनी देवळं उघडी पडतात आणि माणसं आपल्या आजोळचं गाव कोरड्या पायानं बघून येतात. मी हे सगळं मनात घोळवत काठावर उभा होतो. गुंड्या एका खेकड्याच्या बिळात नाक घालून बसला होता. मला वाटतं दोघांचंही लक्ष पाण्याखालच्या घरांकडेच होतं.

तिथून पुढं भीमाशंकर. तिकडं गुंड्याला नेलं नाही. ते अभयारण्य आहे. शेकरूचं, म्हणजे आपल्या राज्यप्राण्याचं घर. आपला कुत्रा तिथं नेऊ नये, एवढं शहाणपण तालुक्यात राहून यायला हवं. शिवनेरीवरही त्याला नेलं नाही. तिथं जायचं ते शिवरायांसाठी, कुत्रं फिरवायला नव्हे.

घोडेगावहून जुन्नरकडे निघालं की वाटेत गिरवली. डोंगरावर पुण्याच्या ‘आयुका’ची दुर्बीण आहे, २००६ पासून. दोन मीटर व्यासाचा आरसा. आमच्या ज्या डोंगरावर पूर्वी फक्त गुरं चढायची, तिथून आता माणसं आकाशगंगा बघतात. दिवसा गेलं की घुमट बंद असतो आणि वारा फार असतो. गुंड्यानं एक उभा, एक पडलेला असे दोन्ही कान वाऱ्यावर सोडले आणि रस्त्याकडेच्या एका दगडाला असा काही वास घेत बसला की जणू तिथं गेल्या महिन्याचा पेपर ठेवलाय. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकाच ठिकाणी येतो, पण दोन वेगळ्या गावांना जातो.

लेण्याद्रीला मात्र त्याचं आणि माझं मत जुळलं. दोघांनाही माकडं आवडली नाहीत. डोंगरातल्या लेण्यात बसलेला गिरिजात्मज, अष्टविनायकातला लेण्यात बसलेला हा एकटाच. वर जायला पायऱ्या आणि पायऱ्यांवर माकडं. मी वर जाऊन दर्शन घेतलं, गुंड्या खाली गाडीत. एका ओळखीच्या नारळवाल्या दादांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. परत आलो तर ओम्नीच्या टपावर एक मोठं माकड मांडी घालून बसलेलं आणि आत गुंड्या सीटखाली. "लय भुंकला पहिल्यांदा," दादा म्हणाले, "मग त्यानं काचेतून खाली डोकं घातलं आणि नुसतं बघितलं. तेव्हापासून तो असाच." नारळाचा तुकडा देऊन माकडाला खाली उतरवावं लागलं. गुंड्या जुन्नर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत नव्हता.

नाणेघाटाला जायचं तर जुन्नरहून तीसेक किलोमीटर. घाटघर गाठलं की वारा लागतो. पावसाळ्यात इथं धबधब्याचं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं आणि ते बघायला एवढी गर्दी होते की आपण धबधबा बघतोय की छत्र्या, ते कळत नाही. म्हणून मी हिवाळ्यात गेलो. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन बैलांचे तांडे या घाटानं जुन्नरला चढायचे. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणतात त्याला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यात पैसे टाकायचे. आज पुणे–नाशिक रस्त्यावर टोलनाक्याच्या रांगेत उभं राहिलं की त्या रांजणाची फार आठवण येते. तिथं निदान ‘बॅलन्स कमी आहे’ असं दगड म्हणत नव्हता.

गुंड्यानं रांजणाभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, मग अर्धी घातली, मग थांबला. त्याचा हेतू मला वेळेवर कळला आणि मी पट्टा ओढला. इथं आजवर प्रत्येकानं काहीतरी टाकलं असलं, तरी सातवाहनांच्या जकातीत अशी भर घालणं बरं दिसलं नसतं.

शेजारच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे. ब्राह्मी लिपीत, भिंतभर. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा एवढंच उरलंय. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं त्याचा हिशोब. गायी, घोडे, हत्ती, रथ, नाणी. आकडे लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचे फार जुने नमुने याच भिंतीवर आहेत, असं जाणकार सांगतात. मी आकड्यांचं कौतुक करायला गेलो होतो, पण गुंड्या शेजारी बसलेला असल्यामुळे डोक्यात दुसरंच यायला लागलं. एवढ्या मोठ्या यादीत कुत्रा नाही. गायी हजारांनी दिल्या, हत्ती दिले, पण ‘एक कुत्रा, चांगला भुंकणारा’ असं दान कुणी कुणाला दिलं नाही. दिलं असेल तर ते लिहून ठेवण्यासारखं वाटलं नाही. ही गोष्ट मनात एकदा बसली ती बसलीच आणि पुढच्या सगळ्या प्रवासात मी, नको म्हटलं तरी, कुत्र्याला आपल्याकडे जागा कुठं आहे तेच शोधत राहिलो.

नारायणगावात ती नव्हती, पण पाहुणचार मिळाला. आम्ही गेलो ते शिमगा उलटल्यावर, पाडव्याच्या आधी. या दिवसांत तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात आणि सुपारी ठरते. कुठल्या तिथीला कुठला फड, किती पैसे, किती माणसं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई या मातीतली, याचा इथल्या माणसाला केवढा अभिमान आहे ते त्यांचं नाव काढल्यावर कळतं. आम्ही नुसते बघायला गेलो होतो. पण पांढरी टोपी, पांढरा शर्ट आणि सोबत कुत्रा, असा मी एका राहुटीत डोकावल्यावर मॅनेजरनं सतरंजी झटकली, "या पाटील, गाव कुठलं?" म्हणत चहा सांगितला आणि कुत्र्यासमोर वाटीभर पाणीही ठेवलं. घोडेगाव म्हटल्यावर त्यांनी वही काढली. यात्रा ठरवायला नाही, नुसता बघायला आलोय, हे सांगितल्यावर वही मिटली. पाण्याची वाटी मात्र राहू दिली. गुंड्या तिथून निघेना. मला वाटतं, त्याला आपली तिथी पक्की करायची होती.

खोडदची गोष्ट वेगळी. तिथं तोंड उघडायच्या आधीच माणूस गप्प होतो. टोमॅटो, ऊस, द्राक्षबागा आणि मधेच ती प्रचंड पांढरी जाळीची परात आभाळाकडे तोंड करून. एक नाही, अशा तीस आहेत. प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी केली. परात पत्र्याची नाही, बारीक तारेची जाळी आहे. ती ज्या लहरी टिपते त्या इतक्या लांब असतात की त्यांना जाळीसुद्धा भिंतच वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे खर्चही वाचला आणि लोखंडही. हे आमच्याकडच्या माणसाला लगेच पटतं. कांद्याची चाळ आपण अशाच विचारानं बांधतो.

आम्ही आत गेलो नाही. फांदीवरच्या एका परातीजवळ, रस्त्याकडेला, बांधावर बसून डबा सोडला. डब्यात मासवडी होती. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत जेवायला थांबलेल्या माणसाला मासवडी खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. तिच्यात मासा नसतो, बेसन, तीळ आणि खोबरं असतं. शिवाय कांदा-लसूण, म्हणून ती गुंड्याला वर्ज्य. तो भाकरी खात होता, तेवढ्यात परात हलली. आवाज नाही, घाई नाही. अख्खी परात सावकाश वळली आणि आभाळातल्या दुसऱ्याच कशाकडे बघायला लागली. गुंड्याच्या तोंडातली भाकरी पडली. मग तो भुंकला, जीव तोडून भुंकला. मी घाबरून उठलो, कारण इथं लहरींचा गोंगाट चालत नाही, दुर्बिणीच्या आसपास मोबाइल बंद ठेवायला सांगतात. पलीकडच्या शेतात पाणी धरणारा एक पोरगा हसायला लागला.

"भुंकू द्या हो नाना. भुंकणं चालतं, मोबाइल चालत नाय."

किती बरोबर होतं त्याचं! तारे ऐकायला बसलेल्या त्या यंत्राला कुत्र्याचा काही त्रास नाही. त्रास होतो तो तुमच्या-आमच्या खिशातल्या डबीचा. फोन बंद करून तासभर तिथं बसलो. गिरवलीला डोळा, खोडदला कान. आमच्या दोन तालुक्यांत विश्वाकडे लावलेले हे दोन अवयव आहेत, नाक तेवढं राहिलंय. ती जागा भरायची असेल तर माझ्याकडे एक उमेदवार आहे.

आळे गावात मी मुद्दाम गेलो, कारण तिथं एका जनावराची समाधी आहे. रेड्याची. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. पैठणला शुद्धिपत्र मागायला गेलेली भावंडं, त्यांना हिणवणारी ती मंडळी, पाठीवर पखाल घेऊन चाललेला रेडा आणि त्याच्या मस्तकावर ज्ञानोबांनी ठेवलेला हात. रेडा वेद बोलला. गोष्ट इथं संपते असं वाटतं, पण रेड्याचं पुढं काय झालं? तो त्या भावंडांबरोबर चालत राहिला आणि आळ्याला त्यानं देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. माउलींनी त्याला तिथं समाधी दिली. आज मोठं मंदिर आहे, यात्रा भरते, वारकरी येतात.

गुंड्याला बाहेर झाडाला बांधलं. दर्शन घेऊन आलो तर एक म्हातारी मावशी त्याच्यासमोर बसून त्याला प्रसादाचा तुकडा भरवत होती.

"तुझाच का रं बाबा?"

"हो, मावशी."

"रेडा येद बोलला, देव झाला. ह्यो काय करतो?"

"हा नुसता भुंकतो."

"मग बोलतोच की," मावशी म्हणाली. "आपल्याला कळत नाय, ही त्याची चूक हाय व्हय?"

यावर वाद घालायला मी काही पैठणचा नव्हतो. पण गाडीत बसल्यावर विचार सुरू झालाच. आपण जनावराला मान देतो तो त्यानं माणसासारखं काही केलं तर. वेद बोलला तर समाधी. कुत्र्यानं मात्र आजवर कुत्र्यासारखंच वागायचं ठरवलेलं दिसतं. संतांच्या गोष्टींत तो येतो, नाही असं नाही. नामदेवांच्या गोष्टीत येतो, पण भाकरी पळवायला. नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ते नामदेवांचं मोठेपण. कुत्रा आपला भाकरी घेऊन पळाला. गुंड्याचा सगळा अनुभवही याच क्षेत्रातला आहे.

त्याची बाजू घेणारा देव म्हणजे खंडोबा. त्याच्या मूर्तीजवळ, टाकावर घोड्यासोबत कुत्राही असतो. आमच्याच तालुक्यात नागापूरला थापलिंगाच्या डोंगरावर खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि नवसाचे बैलगाडे पळतात. गर्दीचा दिवस टाळून आम्ही गेलो. पुजाऱ्यांनी गुंड्याला हाकललं नाही, उलट "हा तर घरचाच" म्हणत चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला. चिमूट जरा मोठी होती. गुंड्या शिंकला, तो शिंकतच डोंगर उतरला आणि पुढं कितीतरी दिवस सगळ्या आळीत पिवळा हिंडत होता. टपरीवाल्यानं त्या दिवशी पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं.

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्याची बाजारभावानं किंमत ठरली. सोमवारचा बाजार. खिलार खोंडं, दात बघणारे, शेपटी पिरगाळून चालवून बघणारे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे. मी नुसता उभा होतो, तर एका गृहस्थानं गंभीर चेहऱ्यानं गुंड्याचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि रुमाल पुढं केला. मीही हात घातला. त्यांनी एक बोट दाबलं. एक काय, ते मी विचारलं नाही. शंभर असलं तर अपमान आणि हजार असलं तर मोह.

त्या बाजारात कासरे, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांच्या शेंब्या विकणाऱ्याकडे एका कोपऱ्यात जाड चामड्याचा पट्टा टांगलेला होता. सगळीकडून लोखंडी खिळे बाहेर आलेले. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसा. विकणाऱ्यानं गुंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न मागताच काढून दिला. "घोडेगावचं ना? न्या."

दानाच्या यादीत नाही, समाधीत नाही, गोष्टीत आला तर चोर म्हणून. तरी कुत्र्याची खरी कदर करणारा एकजण आमच्या भागात आहे आणि तो म्हणजे बिबट्या. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगा. धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस त्याला रानासारखाच. तिथंच पिल्लं होतात, तिथंच वाढतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासले. २०१४ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यानुसार बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त, पण खाण्यातला त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते. कुत्रा मोकळा असतो, कारण त्याला आपण राखणीला ठेवलेला असतो. आपल्या घराची राखण तो आपल्या अंगानं करतो, हे या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

यापुढं विनोद चालत नाही. आमच्याकडं माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी ओरडतो तो उगीच नाही. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या घरची माणसं तो परत येईपर्यंत जागी असतात. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. त्या बाजूनं ओम्नी गेली की खिडकीतून बाहेर लोंबणारा गुंड्या आत येतो, सीटखाली जातो आणि कुठल्याही माकडाशिवाय जुन्नरपर्यंत तिथंच राहतो. त्याच्या यादीतलं ते एकच स्थळ आहे, जे त्याला न बघताच कळतं.

तर या आमच्याकडं, कुत्रा घेऊन जरूर या. खोडदला फोन बंद ठेवा, नाणेघाटात पट्टा आखूड धरा, लेण्याद्रीला गाडीच्या काचा वर करा. भीमाशंकरच्या जंगलात कुत्रा नेऊ नका. आणि दिवस मावळायच्या आत त्याला गाडीत घ्या. मुक्काम केलात तर रात्री त्याला अंगणात, ओट्यावर किंवा गाडीखाली बांधून ठेवू नका, खोलीत तुमच्याजवळ घ्या. लॉजवाला कुरकुर करील, त्याला दोन पैसे जास्त द्या.